शिकवणीच्या फलकावरची पदवी

जून उजाडला की तालुक्याच्या गावात एसटी स्टँडसमोरच्या भिंती क्लासच्या फ्लेक्सनी भरून जातात. एका फ्लेक्सवर सरांच्या फोटोखाली ओळ असते : ‘एम.एस्सी. (फिजिक्स), बी.एड., सेट, पीएच.डी. (अपिअर्ड)’. शेजारचा फ्लेक्स ‘कोटा येथील अनुभवी फॅकल्टी’ एवढ्यावरच भागवतो. तिसऱ्यावर ‘एक्स-आयआयटीयन’ असते. चौथ्यावर पदवीचा उल्लेखच नसतो. गेल्या वर्षीच्या चाळीसेक मुलांचे पासपोर्ट फोटो आणि प्रत्येकाखाली टक्के. फी भरण्याआधी पालक या चारही फलकांसमोर उभा राहतो आणि आपल्या अंदाजाने त्यांची तुलना करतो. शिकवणाऱ्याने किती शिकलेले असावे, आणि त्याच्या जास्तीच्या शिक्षणाचा मुलाला खरोखर किती उपयोग होतो, यावर गेली काही दशके अभ्यासक, सरकार आणि क्लासचालक आपापल्या परीने उत्तरे देत आले आहेत. त्यांचा हा आढावा.

प्रश्न आता मूठभर मुलांचा राहिलेला नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०२५ मधील शिक्षणविषयक पाहणीत देशातले सुमारे २७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी घेत असल्याचे आढळले. शहरांत हे प्रमाण ३०.७ टक्के आहे आणि खेड्यांत २५.५ टक्के. उच्च माध्यमिक पातळीवर शहरी कुटुंबाचा शिकवणीवरचा सरासरी वार्षिक खर्च दहा हजारांच्या जवळपास निघाला. त्याआधी ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२२ च्या अहवालाने ग्रामीण भागातल्या पहिली ते आठवीच्या ३०.५ टक्के मुलांना पैसे भरून शिकवणी असल्याची नोंद केली होती. २०१८ मध्ये हा आकडा २६.४ टक्के होता. बिहार आणि पश्चिम बंगालमध्ये तो २०२२ मध्ये सत्तरच्या पुढे होता. एवढ्या मुलांना कोण शिकवते याची मात्र कुठेही एकत्रित नोंद होत नाही.

जुनी वंशावळ

महाराष्ट्रात पदवी आणि अध्यापन यांचे नाते सुरुवातीपासूनच थोडे वाकडे आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि पहिले बी.ए. बाहेर पडले १८६२ मध्ये. त्यामुळे त्याआधीच्या पिढीतल्या शिक्षकांकडे विद्यापीठाची पदवी असण्याचा प्रश्नच नव्हता. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, हे त्यांपैकी. ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिणारा, डेक्कन कॉलेजात गणित शिकवणारा हा माणूस पदवीधर नव्हता. त्यांच्या हाताखाली शिकलेले बाळ गंगाधर टिळक मात्र पदवीधर झाले, १८७९ मध्ये एलएल.बी.ही झाले. गणितात एम.ए. होण्याचा बेत तेवढा तडीस गेला नाही. तरीही टिळकांची गणित शिकवण्याची ख्याती राहिली ती राहिलीच, आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडण्याच्या सुमारास त्यांनी पुण्यात वकिलीच्या परीक्षेसाठी खासगी लॉ क्लास चालवला. आजच्या भाषेत तो कोचिंग क्लासच होता. चालकाच्या नावापुढची कायद्याची पदवी खरी होती आणि विषयाशी जुळणारीही होती, हे आजच्या काही फलकांच्या मानाने बरेच म्हणायचे.

उच्च पदवी असलेल्या माणसाला शिकवणीकडे यावे का लागते, याचे एक ठळक उदाहरण १९१७–१८ च्या मुंबईत सापडते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठाची १९१५ ची एम.ए. आणि तिथेच सादर केलेला पीएच.डी.चा प्रबंध घेऊन परतले होते. बडोद्यातल्या नोकरीत जातीवरून आलेल्या अपमानास्पद अनुभवानंतर मुंबईत चरितार्थासाठी त्यांनी केलेल्या कामांत खासगी शिकवण्याही होत्या. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पुढे लंडनची डी.एस्सी. आणि बॅरिस्टरी मिळवून आल्यावरही १९२५ ते १९२८ या काळात त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवला. तेव्हाच्या मुंबईत त्यांच्याइतका शिकलेला अर्थतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाही नव्हता. शिकवणीच्या वर्गात इतकी मोठी पदवी येऊन बसते तेव्हा तिच्यामागे बहुतेक वेळा दुसरीकडे बंद झालेले एखादे दार असते, ही गोष्ट पुढच्या शंभर वर्षांतही फारशी बदललेली नाही.

कोट्याचे वळण

स्वातंत्र्यानंतरची चार दशके शिकवणी म्हणजे मुख्यतः शाळेतल्या सरांचीच संध्याकाळची बैठक होती. शिकवणारा शाळेत नेमलेला, म्हणजे बी.एड. झालेला, त्याच्या पात्रतेची चौकशी शाळेने आधीच केलेली असायची. हे समीकरण दोन बाजूंनी मोडले. एकीकडे शाळेतल्या शिक्षकाने खासगी शिकवणी घेण्यावर बंधने आली आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने त्यावर थेट बंदी घातली. दुसरीकडे प्रवेश परीक्षांची स्वतंत्र बाजारपेठ उभी राहिली.

या बाजारपेठेचे मूळ पुरुष म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते ते कोट्याचे विनोदकुमार बन्सल शिक्षकही नव्हते आणि पीएच.डी.ही नव्हते. बनारस हिंदू विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअर होऊन ते जे. के. सिंथेटिक्समध्ये नोकरीला लागले. स्नायूंच्या आजाराने हालचाल अवघड होत गेली तशी त्यांनी घरी मुलांना शिकवायला सुरुवात केली. १९९१ मध्ये बन्सल क्लासेस उभे राहिले, मुले आयआयटीत जाऊ लागली आणि एका औद्योगिक शहराचे नशीब पालटले. तेव्हापासून या क्षेत्रात अध्यापकाची एक नवी पात्रता रूढ झाली : त्याने स्वतः ती परीक्षा दिलेली असावी, शक्यतो ते कॉलेज केलेले असावे. एम.एस्सी., पीएच.डी. झालेल्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकापेक्षा बावीस वर्षांचा बी.टेक. अनेक क्लासना जास्त मोलाचा वाटू लागला.

स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्येही असेच. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांच्या जगात ‘सर मुलाखतीपर्यंत गेले होते’ हे वाक्य विद्यापीठाच्या कुठल्याही प्रमाणपत्राइतके वजनदार असते. चाणक्य मंडल परिवार उभा करणारे अविनाश धर्माधिकारी स्वतः भारतीय प्रशासकीय सेवेत होते, ती त्यांची ओळख. दिल्लीत ‘दृष्टी’ चालवणारे विकास दिव्यकीर्ती यांच्याकडे हिंदी साहित्यातली पीएच.डी. आहे आणि यूपीएससी उत्तीर्ण होऊन सोडलेली नोकरीही; विद्यार्थ्यांच्या बोलण्यात दोन्ही गोष्टी येतात. ऑनलाइन लाट आली तेव्हा तर अलख पांडे यांच्यासारखा, कानपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून शिक्षण अर्धवट सोडलेला तरुण ‘फिजिक्सवाला’ या नावाने लाखो मुलांचा शिक्षक झाला. पदवी पूर्ण न करताही हे घडते, हा त्याच्या चाहत्यांचा युक्तिवाद असतो. ज्यांच्या बाबतीत घडले नाही त्यांची यादी कुणी ठेवत नाही, ही त्या युक्तिवादातली उणीव.

एवढे डॉक्टर आले कुठून?

पुरवठ्याची बाजू पाहिल्याशिवाय हे चित्र पुरे होत नाही. केंद्राच्या उच्च शिक्षण पाहणीनुसार २०१४–१५ मध्ये देशात पीएच.डी.साठी १.१७ लाख विद्यार्थ्यांची नोंदणी होती. २०२१–२२ मध्ये ती २.१२ लाखांवर गेली. महाराष्ट्रात प्राध्यापकपदाच्या पात्रतेची सेट परीक्षा १९९५ पासून पुणे विद्यापीठ घेते आहे, म्हणजे तीस वर्षांत सेट उत्तीर्णांची मोठी फळी तयार झाली. बार्टी, सारथी, महाज्योती या शासकीय संस्थांच्या अधिछात्रवृत्तींमुळे, ज्या घरांत आधी कुणी पदवीही घेतली नव्हती अशा घरांतली मुले संशोधनाकडे वळली.

कायम प्राध्यापकभरतीने मात्र या वाढीला साथ दिली नाही. अनुदानित महाविद्यालयांत रिकाम्या जागांवर तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, माणसे घेतली जातात. आठवड्याला ठरावीक तासिका, तासाप्रमाणे मानधन, तेही बऱ्याचदा महिने उलटल्यावर हातात पडणारे, आणि मार्चनंतर पुढच्या वर्षाची खात्री नाही. सकाळी कॉलेजात बी.एस्सी.च्या वर्गाला थर्मोडायनॅमिक्स शिकवून संध्याकाळी क्लासमध्ये नववीला उष्णतेचा धडा घेणारा ‘डॉक्टर’ आज जिल्ह्याच्या कोणत्याही गावात भेटतो. त्यात यूजीसीच्या नियमांची भर पडली. विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकासाठी पीएच.डी. सक्तीची होणार असे ठरले, मग ती सक्ती २०२३ पर्यंत पुढे ढकलली गेली, आणि जुलै २०२३ मध्ये नेट, सेट किंवा स्लेट हीच किमान पात्रता राहील असे जाहीर झाले. सक्तीच्या अपेक्षेने तीन-चार वर्षे संशोधनात घातलेल्यांना त्या बदलाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

म्हणून शिकवणीच्या क्षेत्रातला उच्चशिक्षित माणूस ही एकजिनसी जमात नाही. कुणी निवडून आलेला आहे, कुणी अडकून पडलेला, कुणी निवृत्त प्राध्यापक आहे, तर कुणी प्रबंध पुरा होईपर्यंत खर्च भागवणारा. पदव्यांचा परिणाम मोजणारे बहुतेक अभ्यास हा फरक विचारात घेत नाहीत.

पदवीच्या बाजूने

उच्च शिक्षणाच्या बाजूचा मुख्य मुद्दा साधा आहे. ज्याला विषय खोलवर येतो तो चुकीचे शिकवत नाही आणि पुस्तकाबाहेरचा प्रश्न आला तर गडबडत नाही. या म्हणण्याला पुरावा आहे, पण तो एका अटीसह येतो. अमेरिकेत डॅन गोल्डहेबर आणि डॉमिनिक ब्रूअर यांनी दहावीच्या मुलांची आकडेवारी तपासून १९९७ मध्ये दाखवले की शिक्षकाकडे नुसती मास्टर्स पदवी असण्याने फरक पडत नाही; गणिताच्या शिक्षकाची पदवी गणितातली असेल तर मुलांच्या गणितात फरक पडतो. पेरू देशातल्या सहावीच्या वर्गांवर योहानेस मेट्झलर आणि लुडगर व्योसमान यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिक्षकांचीच परीक्षा घेतलेली होती. ज्यांना विषय जास्त येत होता त्यांची मुले थोडी, पण निश्चित पुढे होती.

विद्यार्थी जितका वरच्या पायरीवर, तितका हा मुद्दा बळकट होतो. पुण्यातले भास्कराचार्य प्रतिष्ठान हे याचे घरचे उदाहरण. हार्वर्डचे पीएच.डी. आणि पर्ड्यू विद्यापीठातले गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये ते स्थापन केले. संशोधन करणारी माणसे तिथे शाळकरी मुलांना ऑलिंपियाडसाठी शिकवत आली. ऑलिंपियाडच्या प्रश्नाला ठरावीक रीत नसते. एखादा मुलगा भलत्याच वाटेने गेला, तर ती वाट पुढे बंद आहे की तिथूनही उत्तर निघते, हे फळ्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला तिथल्या तिथे कळावे लागते. त्याला गणितात मुरलेलाच माणूस हवा.

एच. सी. वर्मा यांचे उदाहरणही या बाजूने नेहमी दिले जाते. आयआयटी कानपूरमधून पीएच.डी. झाल्यावर ते पाटण्याच्या सायन्स कॉलेजात शिकवायला गेले, आणि तिथल्या मुलांना उपलब्ध पुस्तके झेपत नाहीत हे पाहून त्यांनी ‘कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स’ लिहिले. १९९२ पासून बाजारात असलेले ते पुस्तक आजही लातूरपासून कोट्यापर्यंत प्रत्येक क्लासच्या कपाटात असते. मात्र या गोष्टीत डॉक्टरेट जितकी महत्त्वाची आहे तितकीच पाटण्यातली ती वर्षेही आहेत, हे सांगणारा सहसा विसरतो.

उलट बाजूचा पुरावा

पदवीबद्दल साशंक असलेल्यांकडे आकडे जास्त आहेत. नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या तिसरी ते पाचवीच्या मुलांची वर्षानुवर्षांची माहिती घेऊन चार्ल्स क्लॉटफेल्टर, हेलन लॅड आणि जेकब विग्डर यांनी २००७ मध्ये दाखवले की शिक्षकाच्या मास्टर्स पदवीचा मुलांच्या गुणांवर जवळजवळ काहीच परिणाम दिसत नाही. अनुभवाचा, आणि शिक्षक परवाना परीक्षेतल्या गुणांचा दिसतो.

भारतातला सर्वांत बोलका पुरावा मुंबईत जन्मला. ‘प्रथम’ संस्थेने मुंबई आणि वडोदऱ्यात मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या मुलांसाठी बालसखी कार्यक्रम राबवला. बालसखी म्हणजे वस्तीतलीच, दहावीपर्यंत शिकलेली तरुणी. तिला सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण आणि महिना ५०० ते ७५० रुपये मानधन. पंधरा-वीस मुलांना वर्गाबाहेर घेऊन ती रोज दोन तास अक्षरओळख, बेरीज-वजाबाकी करून घेई. अभिजित बॅनर्जी, शॉन कोल, एस्थर डुफ्लो आणि ली लिंडन यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या वर्षी गुणांत ०.१४ प्रमाण विचलनाची आणि दुसऱ्या वर्षी ०.२८ ची वाढ झाली. शिक्षणातल्या प्रयोगांच्या मानाने ही वाढ चांगली मोठी. कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावर ती बरीच ओसरली, हेही त्याच शोधनिबंधात आहे. बालसखीचे गुणगान करणारे ते वाक्य क्वचितच उद्धृत करतात.

या दोन टोकांच्या मध्ये २०२० चा एक मोठा आढावा येतो. आंद्रे निकाव, फिलिप ऑरिओपोलस आणि व्हिन्सेंट क्वान यांनी श्रीमंत देशांतल्या शिकवणीवरच्या ९६ प्रयोगांचा एकत्रित हिशेब मांडला. सरासरी परिणाम ०.३७ प्रमाण विचलन, म्हणजे बराच. प्रशिक्षित शिक्षकांनी घेतलेली शिकवणी सर्वांत प्रभावी ठरली. त्यांच्या पाठोपाठ होते ते अर्धव्यावसायिक सहायक, म्हणजे शाळेतले मदतनीस किंवा अध्यापनाचे विद्यार्थी. स्वयंसेवक आणि पालक त्यांच्या मागे राहिले. या वर्गीकरणात पीएच.डी. असा रकानाच नाही. शिकवण्याचे प्रशिक्षण आणि शिकवण्याची नियमितता यांना जितके महत्त्व मिळाले तितके विद्यापीठातल्या पायरीला मिळालेले नाही.

तिसरी वाट : विषय आणि विद्यार्थी यांच्या मधले ज्ञान

स्टॅनफर्डचे ली शुलमन यांनी १९८६ मध्ये या वादाची मांडणीच बदलली. विषयाचे ज्ञान आणि शिकवण्याची सर्वसाधारण रीत या दोहोंखेरीज एक तिसरे ज्ञान असते, असे त्यांनी म्हटले : हा विशिष्ट धडा शिकताना मुले नेमकी कुठे अडखळतात, कोणते उदाहरण दिले की वाट मोकळी होते आणि कोणत्या उदाहरणाने गोंधळ वाढतो, याचे ज्ञान.

सहावीतला मुलगा ०.२५ ही संख्या ०.३ पेक्षा मोठी म्हणतो, ‘कारण पंचवीस तिनापेक्षा मोठे’. त्याला नुसते ‘चूक’ म्हणून उपयोग नाही. ०.३ च्या पुढे एक शून्य लावून ०.३० लिहायला सांगितले तर तो या गणितापुरता सुधारतो, पण ०.१२५ आणि ०.२ आले की पुन्हा तिथेच घसरतो, कारण शून्य लावणे ही त्याने पाठ केलेली युक्ती असते. जाणता शिक्षक त्याला मोजपट्टीवर आणतो. एका मीटरचे दहा भाग कर, त्यातले तीन घे. आता शंभर भाग कर, त्यातले पंचवीस घे. तीन दशांश म्हणजे तीस सेंटीमीटर हे बोटाने दिसल्यावर वाद मिटतो. एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमात हे कुठेच नसते. ते वर्गात येते किंवा चांगल्या प्रशिक्षणात येते.

विषयात फार पुढे गेलेल्या माणसाला हे दिसेनासे होते का? मिचेल नेथन आणि अँथनी पेट्रोसिनो यांनी २००३ मध्ये भावी शिक्षकांवर हा प्रश्न तपासला. एका वेटरला सहा तासांची मजुरी आणि वर ६० रुपये टिप मिळून ३०० रुपये झाले, तर ताशी दर किती, हे शाब्दिक उदाहरण घ्या; आणि शेजारी ६क्ष + ६० = ३०० हे समीकरण. ज्यांचे गणित चांगले होते त्यांचा अंदाज होता की मुलांना समीकरण सोपे जाईल आणि शाब्दिक उदाहरण अवघड. नवशिक्या मुलांचे प्रत्यक्षात उलट होते. टिपेचे ६० वजा करून सहाने भागायचे हे त्यांना गोष्टीतून सुचत होते, ‘क्ष’ पाहून ती थबकत होती. संशोधकांनी याला तज्ज्ञाचा अंधबिंदू म्हटले.

म्हणून विषयज्ञान दुय्यम ठरते असा निष्कर्ष काढण्याची मात्र घाई नको. जर्मनीत युर्गेन बाउमर्ट आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये माध्यमिक शाळांतल्या गणित शिक्षकांची दोन्ही ज्ञाने वेगवेगळी मोजली. मुलांच्या प्रगतीशी जास्त जवळचे नाते शुलमन यांच्या तिसऱ्या ज्ञानाचे निघाले. पण विषय कच्चा असलेल्या शिक्षकांत ते ज्ञान फारसे वाढलेलेही दिसले नाही. पायाशिवाय वरचा मजला नाही, आणि पाया घातला म्हणून मजला आपोआप चढत नाही, असा हा मामला आहे.

विद्यापीठांनीही याची थोडी दखल घेतली आहे. यूजीसीच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांनुसार प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याने आपल्या विषयाच्या अध्यापनाचे वा लेखनाचे प्रशिक्षण घेणे अपेक्षित आहे, आणि आठवड्याला चार ते सहा तास ट्युटोरियल किंवा प्रयोगशाळेचे काम त्याला देता येते. नियम चांगला आहे. मार्गदर्शक आणि विभाग तो किती मनावर घेतात, यावर पुढचे सारे अवलंबून.

कायदा काय मागतो

जगभर उत्तरे वेगवेगळी आहेत. इंग्लंडमध्ये खासगी शिकवणी घ्यायला कायद्याने कोणतीही पदवी लागत नाही. दक्षिण कोरियाने १९८० मध्ये खासगी शिकवणीवर जवळपास संपूर्ण बंदीच घातली; २००० मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ती रद्द केली. चीनने शालेय विषयांच्या क्लासमधल्या शिक्षकांना आधी शिक्षक प्रमाणपत्र सक्तीचे केले आणि जुलै २०२१ मध्ये शालेय विषयांची नफ्यासाठीची शिकवणीच मोडीत काढली.

भारतात क्लासचे नियमन राज्यांकडे आहे. गोव्याचा कोचिंग क्लास नियमन कायदा २००१ चा, उत्तर प्रदेशचा २००२ चा, बिहारचा २०१० चा. राजस्थानने कोट्यातल्या विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०२५ मध्ये विधेयक मंजूर केले. महाराष्ट्रात २०१८ मध्ये मसुदा तयार झाला, त्यावर बरीच चर्चा झाली, क्लासचालकांच्या संघटनांनी हरकती घेतल्या आणि तो मसुदा कायद्यात उतरला नाही.

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये दिलेली मार्गदर्शक तत्त्वे या वादाला थेट भिडतात. शिकवणाऱ्याची किमान पात्रता पदवी, सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही, आणि शिक्षकांची पात्रता क्लासच्या संकेतस्थळावर जाहीर करायची. पाठोपाठ नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध नियम केले; शिक्षकांच्या पात्रतेबद्दलचे खोटे दावेही त्यात येतात. ‘पदवी’ एवढीच अट घातल्यावर इतिहासाचा पदवीधर रसायनशास्त्र शिकवू शकतो, आणि गोल्डहेबर-ब्रूअर यांनी ज्यावर बोट ठेवले होते ती विषयाची अट निसटते. शिवाय या तत्त्वांत बी.एड.ची अपेक्षा नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण शाळेतल्या शिक्षकासाठी २०३० पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. किमान पात्रता करू पाहते आहे. त्याच मुलांना संध्याकाळी शिकवणाऱ्याला कोणतीही पदवी चालते. दोन धोरणांमधले हे अंतर अजून कुणी अधिकृतपणे समजावून सांगितलेले नाही.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे, इंटिग्रेटेड कॉलेजचा. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. लागते. कॉलेज आणि क्लास यांचे साटेलोटे झाले की हजेरीपटावर पात्र शिक्षकांची नावे असतात, मुले मात्र दिवसभर क्लासच्या फॅकल्टीकडे असतात. ‘लातूर पॅटर्न’ एके काळी राजर्षी शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांच्या नावाने ओळखला जाई. आता त्याच शहराची ‘ट्युशन एरिया’ बाहेरगावच्या पालकांना आधी ठाऊक असते. नियमाने पात्र कोण आणि प्रत्यक्षात शिकवतो कोण, या दोन याद्या तिथे वेगळ्या होतात.

अजून न सुटलेले

पहिली अडचण पुराव्याचीच. वर दिलेले बहुतेक अभ्यास शाळेतल्या शिक्षकांवरचे किंवा अनुदानातून चाललेल्या शिकवणीवरचे आहेत. भारतातल्या सशुल्क क्लासमध्ये निवड दोन्ही बाजूंनी होते : हुशार मुले नावाजलेल्या सरांकडे जातात, आणि नावाजलेले क्लास प्रवेश परीक्षा घेऊन हुशार मुलेच निवडतात. मग निकालात सरांच्या पदवीचा वाटा किती आणि मुलांचा किती, हे वेगळे काढणे कठीण. चौथ्या फ्लेक्सवरचे फोटो याच कारणाने फारसे काही सिद्ध करत नाहीत.

दुसरा प्रश्न यशाच्या मापाचा. नीट आणि जेईईची मुख्यतः बहुपर्यायी उत्तरपत्रिका वेग आणि अचूकपणा मोजते. त्या कामाला सरावलेला बी.टेक. प्रभावी ठरत असेल, तर उच्च पदवी निरुपयोगी म्हणायची की परीक्षा अपुरी? क्लासचालक पहिले उत्तर देतात, विद्यापीठातले प्राध्यापक दुसरे. दोघांच्या म्हणण्यात व्यवसायाचा वाटा आहे.

तिसरा प्रश्न अलीकडचा. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२४ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचे एक साधन सुमारे ९०० ट्यूटरांपैकी काहींच्या मदतीला दिले; ते मुलाशी बोलत नाही, ट्यूटरला पुढचा प्रश्न काय विचारावा हे सुचवते. एकूण १,८०० मुलांच्या या प्रयोगात धडा पक्का होण्याचे प्रमाण चार टक्केबिंदूंनी वाढले. ज्यांचे काम आधी कमी प्रतीचे मानले गेले होते त्या ट्यूटरांच्या विद्यार्थ्यांत ही वाढ नऊ टक्केबिंदूंची होती. म्हणजे शुलमन यांच्या तिसऱ्या ज्ञानाचा काही भाग यंत्राकडून उसना मिळू शकतो. हे मराठी माध्यमाच्या सातवीच्या वर्गात, मराठीतून, कितपत जमेल, याची चाचणी व्हायची आहे.

आणि सीएचबीवरच्या त्या सेट-पीएच.डी. धारकाचे काय, हा प्रश्न शिक्षणशास्त्राच्या कक्षेतच येत नाही. तो वित्त विभागाच्या आकृतिबंधाचा आणि पदभरतीच्या मान्यतेचा प्रश्न आहे. महाविद्यालयांतल्या जागा भरल्या गेल्या तर शिकवणीच्या बाजारातून सर्वांत आधी बाहेर पडतील ते बहुधा हेच लोक. तेव्हा तालुक्याच्या गावातल्या नववीच्या मुलाला कोण शिकवेल, याचा विचार भरतीची मागणी करणाऱ्या निवेदनांतही नसतो आणि क्लासवर निर्बंध मागणाऱ्या निवेदनांतही नसतो.